५९ च्या रेघेमागे : अमेरिकेतल्या प्रौढांची हिपॅटायटिस-बी लस आणि वांशिक तफावत

२०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत अमेरिकेतल्या १९ वर्षांवरच्या लोकांपैकी जेमतेम ३० टक्क्यांनी हिपॅटायटिस-बीच्या (रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होणारा यकृताचा आजार) लसीचे पूर्ण डोस घेतलेले आढळले. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक प्रौढांचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी होते. आशियाई लोकांची सरासरी वरकरणी बरी दिसते. पण अमेरिकेत जन्मलेला, शाळेतच टोचून घेतलेला पंचविशीतला मुलगा आणि साठीत देश सोडून आलेली त्याची आजी हे दोघे एकाच रकान्यात बसतात. आशियाई वंशाचे लोक तिथल्या लोकसंख्येत सुमारे ६ टक्के, मात्र जुनाट संसर्ग असलेल्यांत निम्म्याहून अधिक. या आजाराशी निगडित मृत्यूंचा त्यांचा दर गोऱ्यांच्या सुमारे नऊपट आहे.

याचे खापर नेहमी लोकांवर फुटते: गैरसमज, अविश्वास, भाषा. ही कारणे खोटी नाहीत. कृष्णवर्णीय रुग्णांना उपचाराविना ठेवणारा अलाबामातला उपदंशाचा तो कुप्रसिद्ध प्रयोग १९३२ ते १९७२ असा चाळीस वर्षे चालला, त्याची आठवण कृष्णवर्णीय घरांत अजून ताजी आहे. तरीही लस कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या सरकारी शिफारशी ओळीने वाचल्या तर दोषाचा मोठा वाटा कागदावरच सापडतो: आधी जोखमीच्या गटांच्या याद्या, मग ५९ वर्षांवर ओढलेली वयाची रेघ.

पहिली लस १९८१ मध्ये मंजूर झाली. ती संसर्गग्रस्तांच्या रक्तद्रवापासून बनत असे. तीन डोसांना शंभरेक डॉलर पडत, आणि त्याच सुमारास एड्सची धास्ती पसरल्याने रक्तापासून केलेली लस म्हटले की डॉक्टरसुद्धा कचरत. त्यामुळे ‘जोखमीचे गट’ ठरवून तेवढ्यांनाच ती द्यावी, असे धोरण आले. १९८६ मध्ये यीस्टच्या पेशीत तयार होणारी लस आली आणि रक्ताची भीती संपली, पण गटांची यादी तशीच राहिली. त्या यादीतला एकच गट पद्धतशीर टोचला गेला, तो आरोग्य कर्मचाऱ्यांचा. कारण १९९१ च्या कामगार सुरक्षेच्या नियमाने रक्ताशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांना लस फुकट देऊ करणे मालकांवर बंधनकारक झाले. बाकीच्यांसाठी कोणी मालक नव्हता.

मुलांच्या बाबतीत मात्र गाडी वेगळ्या रुळावर गेली. १९९१ मध्ये प्रत्येक अर्भकाला लस देण्याची शिफारस झाली आणि १९९४ पासून विमा नसलेल्या व गरीब मुलांना सरकारी खर्चाने लस मिळू लागली. पुढे मुलांमधली वांशिक दरी बरीच बुजली. अलास्कातल्या मूळ रहिवाशांची गोष्ट त्याहून बोलकी. ऐंशीच्या दशकात तिथे गावोगाव जाऊन तपासण्या झाल्या आणि ४० हजारांहून अधिक लोकांना लस दिली गेली, त्यात प्रौढही होते. ‘तुम्ही असे काही करता का’ असे कोणी विचारले नाही. ज्यांच्यात हा आजार देशात सर्वाधिक होता, त्यांच्यात नवा संसर्ग जवळजवळ थांबला. हे उदाहरण डोळ्यांसमोर असताना उरलेल्या प्रौढांसाठी आणखी तीस वर्षे याद्याच चालू राहिल्या, हे मला तरी समजत नाही.

यादी प्रत्यक्षात कशी चालते? गेल्या सहा महिन्यांत एकाहून अधिक जोडीदार होते का, सुईने नशा केली का, पुरुषाचे पुरुषाशी संबंध आहेत का, तुरुंगात होता का. पंधरा मिनिटांच्या भेटीत, दुभाष्यासमोर, कधी स्वतःचा मुलगाच दुभाषा असताना, या प्रश्नांना ‘हो’ कोण म्हणणार? विचारायलाही डॉक्टरांना अवघड वाटते, म्हणून बहुतेक जण विचारतच नाहीत. २००६ मध्ये यावर तोड निघाली: गुप्तरोग दवाखाने, व्यसनमुक्ती केंद्रे, तुरुंग इथे येणाऱ्या सगळ्यांना न विचारता द्या. म्हणजे एखाद्या कृष्णवर्णीय तरुणाला लस मिळण्याची खात्रीची जागा ठरली तुरुंग. फॅमिली डॉक्टरचा दवाखाना नव्हे.

आता त्या वादग्रस्त रेघेकडे. २०११ मध्ये मधुमेहींसाठी वेगळी शिफारस झाली. वृद्धाश्रमांत आणि देखभाल केंद्रांत बोटाला टोचून साखर तपासायचे साधन एकाचे दुसऱ्याला वापरल्याने उद्रेक झाले होते, हे तिचे निमित्त. बाधित झालेले बहुतेक वयस्कर. पण शिफारस उतरली ती अशी: ६० च्या आतल्या मधुमेहींना लस ‘द्यावी’, ६० पुढच्यांना डॉक्टरांच्या मते ‘देता येईल’. कारणे दोन. वय वाढेल तशी लस कमी लागू पडते. चाळिशीच्या आत नव्वदहून अधिक टक्के लोकांत संरक्षण तयार होते, साठीला ते पाऊणशे टक्क्यांवर येते. दुसरे कारण पैशाचे. ६० च्या आत एक निरोगी आयुष्यवर्ष मिळवायला सुमारे ७५ हजार डॉलर पडतात असा हिशेब निघाला, आणि पुढच्या वयात आकडा फार चढत होता. ज्या म्हाताऱ्यांमुळे प्रश्न उभा राहिला, तेच हिशेबात महाग ठरले.

दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या (सीडीसी) लसविषयक सल्लागार समितीपुढे सगळ्याच प्रौढांना सरसकट लस देण्याचा विचार आला. बाजूने मुद्दे भक्कम होते. चाळिशी-पन्नाशीत नवे रुग्ण वाढत होते. केंटकी, टेनेसी आणि वेस्ट व्हर्जिनियात २००९ ते २०१३ मध्ये नवा संसर्ग ११४ टक्क्यांनी वाढला होता, आणि तोही मुख्यतः गोऱ्या, नशा करणाऱ्या लोकांत. (सरसकट लसीला राजकीय वजन मिळाले त्यात याचाही वाटा असावा, असे मला वाटते.) महिन्याच्या अंतराने दोनच डोसांत संपणारी लस २०१७ पासून हाताशी होती. तिचा परिणाम वयस्करांतही अधिक चांगला, त्यामुळे ‘उतारवयात लागू पडत नाही’ हे कारण पूर्वीइतके तगडे राहिले नव्हते. तरी शेवटी १९ ते ५९ वयाच्या सर्वांना ‘द्यावी’ आणि ६० पुढे जोखीम असेल तरच ‘द्यावी’, नसेल तर ‘देता येईल’ असे ठरले. एप्रिल २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. रेघ पुसली नाही.

बाजू मांडायची तर दुसरीही आहे. साठी ओलांडलेल्या अनेक आशियाई स्थलांतरितांना संसर्ग लहानपणीच झालेला असतो, त्यांना लसीचा उपयोग नाही, रक्ततपासणीचा आहे. २०२३ मध्ये प्रत्येक प्रौढाची आयुष्यात एकदा तपासणी करावी अशी शिफारस झाली ती याचसाठी. मात्र तपासणीत ‘संसर्ग नाही आणि संरक्षणही नाही’ असे निघालेल्या बासष्ट वर्षांच्या बाईने पुढे काय करायचे, याला कागदावर उत्तर ‘देता येईल’ एवढेच.

ही बाई मराठीही असू शकते. भारतात नियमित लसीकरणात हिपॅटायटिस-बी २००२-०३ पासून प्रायोगिक पातळीवर आली, २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत आणि २०११ मध्ये देशभर. न्यू जर्सीला मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना ती सरकारी दवाखान्यात लहानपणी मिळणे शक्यच नव्हते. ग्रीन कार्डासाठीच्या वैद्यकीय तपासणीतल्या लसींच्या तक्त्यात हिपॅटायटिस-बीची ओळ आहे, १९९६ च्या कायद्याने ती लस नाव घेऊन सक्तीची केली. पण वयाची अट १८ पर्यंतच होती. २०२२ च्या शिफारशीनंतर ती ५९ झाली. म्हणजे आयटीतला मुलगा आता टोचून घेतो आणि आईच्या रकान्यात ‘वयानुसार लागू नाही’. गंमत अशी की भारतासारख्या देशात प्रवास करणे जोखमीत मोजले जाते. दर हिवाळ्यात पुण्याला येणारी आई या हिशेबाने ‘द्यावी’मध्ये बसते, फक्त कोणी विचारले पाहिजे.

पैशाची बाजू उशिरा हलली. गरिबांच्या सरकारी विम्यातल्या प्रौढांना शिफारस झालेल्या लसी ऑक्टोबर २०२३ पासून विनाशुल्क झाल्या. ज्येष्ठांच्या विम्यात ही लस मध्यम किंवा जास्त जोखीम दाखवली तरच मिळे. जानेवारी २०२५ पासून पूर्वी लस घेतलेली नसणे किंवा घेतल्याची माहिती नसणे एवढेही पुरे झाले, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीचीही गरज उरली नाही. विम्याने वयाची अडचण अशी मागल्या दाराने काढली, शिफारशीतले शब्द मात्र जागचे हलले नाहीत.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, सदस्य बदललेल्या त्या समितीने उलट दिशेने मतदान केले. आई संसर्गमुक्त असेल तर बाळाला जन्मतः लस द्यायची की नाही, हे पालकांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. साठीपुढच्यांना लावलेला ‘देता येईल’ तीस वर्षांहून अधिक काळ अर्भकांना सरसकट दिल्या गेलेल्या लसीच्या जन्मडोसालाही लागू झाला.