चित्रपटाची पहिली तीन मिनिटे आणि आपली नजर

पडद्यावर दोन हात दिसतात. हातात बॉम्ब आहे आणि बोटे त्याचे घड्याळ लावत आहेत. मग कॅमेरा वळतो, भिंतीवरून एक सावली धावत जाते, तो माणूस उघड्या टपाच्या मोटारीच्या डिकीत बॉम्ब ठेवून पसार होतो आणि कशाचीच कल्पना नसलेले एक जोडपे त्या मोटारीत येऊन बसते. क्रेनवरचा कॅमेरा छपरांच्याही वर चढतो, पलीकडच्या रस्त्यावर उतरतो आणि सीमेवरच्या नाक्याकडे निघालेली ती मोटार व पायी चाललेले एक नवविवाहित जोडपे यांना कधी एका चौकटीत आणतो, तर कधी दूर करतो. ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ इव्हिल’ या १९५८ च्या चित्रपटाची ही सुरुवात सुमारे ३ मिनिटे २० सेकंदांची आहे आणि तेवढ्या वेळात एकही कट नाही, म्हणजे चित्रण कुठेही तोडून दुसरे जोडलेले नाही. पहिला कट येतो तो स्फोटाबरोबरच.

हा शॉट इतका परिणामकारक का ठरतो, हे समजण्यासाठी आधी डोळ्याकडे वळावे लागेल. आपल्याला अगदी स्पष्ट दिसतो तो दृष्टिक्षेत्राच्या मध्यावरचा जेमतेम २ अंशांचा भाग. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिले, तर ते साधारण तेवढी जागा व्यापते. त्याबाहेरचे तपशील अंधूक असल्यामुळे डोळे दर सेकंदाला तीन-चार वेळा उडी घेऊन नवी जागा टिपत राहतात. या उड्या कुठे पडतील, हे चौकटीतली हालचाल, चेहरे आणि प्रकाश यांवर बरेचसे अवलंबून असते.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हीच सुरुवात प्रेक्षकांच्या दोन गटांना दाखवली गेली. एका गटाने बॉम्ब पाहिला, दुसऱ्याला दृश्य त्यानंतरच्या क्षणापासून दाखवले. पुढे काय घडेल याचे दोन्ही गटांचे अंदाज वेगळे होते. डोळ्यांच्या हालचालींच्या नोंदी मात्र आश्चर्य वाटावे इतक्या सारख्या निघाल्या. जेव्हा प्रेक्षकांना ‘नंतर या परिसराचा नकाशा आठवून काढायचा आहे’ असे बजावले, तेव्हा मात्र त्यांची नजर माणसे सोडून इमारती आणि रस्ते यांच्याकडे वळली. चित्रपटांच्या सुरुवातींचा अभ्यास करणाऱ्याने मनाशी पक्की धरावी अशी ही गोष्ट आहे, असे मला वाटते: नजरेला कॅमेरा वाट दाखवतो, पण त्या दिसण्याला अर्थ येतो तो आधी हाती पडलेल्या माहितीमुळे.

म्हणून सुरुवातीचे विश्लेषण करताना ती किमान दोनदा पाहावी. एकदा आवाज बंद करून, केवळ नजर कुठे ओढली जाते याची नोंद करत. आणि दुसऱ्यांदा, कोणती माहिती नेमक्या कोणत्या सेकंदाला मिळाली आणि ती पात्रांना ठाऊक आहे की फक्त आपल्याला, हे लिहून काढत. ध्वनीचा वेगळा विचार करण्यासाठीही हेच उदाहरण उपयोगी पडते. १९५८ मध्ये स्टुडिओने या शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत चढवले होते. वेल्स यांच्या ५८ पानी टिपणानुसार १९९८ मध्ये झालेल्या पुनर्संकलनात नावे काढली गेली आणि त्या संगीताऐवजी रस्त्यालगतच्या बारमधून व मोटारीच्या रेडिओवरून येणारे सूर ऐकू येऊ लागले. पडद्यावरची अक्षरे नजर हमखास स्वतःकडे ओढतात. ती नसताना मोटार नजरेआड होणे कितीतरी जास्त जाणवते.

आता कॅमेरा हातात घेऊ, मोबाइलचा चालेल. एकसारख्या दोन खुर्च्या एकामागे एक, ४ मीटर अंतरावर ठेवाव्यात. पुढच्या खुर्चीपासून २ मीटरवर उभे राहून चित्र घेतले, तर मागची खुर्ची ६ मीटरवर असल्यामुळे पुढचीच्या एकतृतीयांश आकाराची दिसते. मग ६ मीटरवर जाऊन तिप्पट झूम करावा. पुढची खुर्ची चौकटीत पूर्वीइतकीच राहते, पण मागची १० मीटरवर असल्याने पुढचीच्या ६० टक्के आकाराची दिसते, जणू कोणी ती पुढे सरकवली आहे. हा झूमचा गुण आहे असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात वस्तूंच्या आकारांचे परस्परप्रमाण कॅमेरा कुठे उभा आहे यावरूनच ठरते. झूम फक्त चौकट आवळतो. दूरवरून झूम न करता घेतलेले चित्र कातरून मोठे केले, तरी हेच प्रमाण मिळते. पात्राला रिकाम्या जागेत एकटे पाडायचे की मागच्या गर्दीत दाबून टाकायचे, हे त्यामुळे आपण कुठे उभे राहतो यावर ठरते.

पॅन, म्हणजे कॅमेरा जागच्या जागी आडवा फिरवणे, दिसायला सोपे असले तरी नवशिक्यांचे बहुतेक शॉट इथेच बिघडतात. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे एकामागोमाग येणारी २४ स्थिर चित्रे, असतात. एखादा खांब पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत २ सेकंदांत गेला, तर १,९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर तो दर चौकटीला ४० पिक्सेल उडी मारतो. ७ सेकंद घेतले, तर सुमारे ११. म्हणूनच छायाचित्रणात ७ सेकंदांचा ठोकताळा वापरला जातो. त्यातच भर उन्हात मोबाइल शटरचा वेळ, म्हणजे एका चौकटीसाठी प्रकाश आत घेण्याचा अवधी, आपोआप फार कमी करतो, चौकटीतली हालचाल पुसट होत नाही आणि धक्के उघडे पडतात. सावलीत चित्रीकरण करून शटर १/४८ किंवा १/५० सेकंदावर स्थिर केल्यास फरक लगेच दिसतो.

शेवटी स्वतःची एक मिनिटाची सुरुवात चित्रित करावी. पहिल्या ४ सेकंदांत खुर्चीच्या पायाचा स्क्रू ढिला करणारा हात जवळून दाखवावा. नंतर एकाच शॉटमध्ये कोणीतरी खोलीत येईल, खिडकी उघडेल, फोनवर बोलेल, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवेल. आणि बसण्याच्या आधीच चित्रण थांबेल. काही मित्रांना संपूर्ण तुकडा आणि इतरांना ती ४ सेकंदे वगळून उरलेला तुकडा दाखवावा, आणि आवडला का हे न विचारता पुढे काय होईल असे वाटले ते प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. पहिल्या गटातल्या कोणी खुर्चीचा उल्लेखच केला नाही, तर स्क्रूवरचा शॉट पुन्हा घ्यायचा आहे: आणखी जवळून, किंवा आणखी एखाद-दुसरा सेकंद थांबून.