पाखाडी उतरता न येणाऱ्यांसाठी

अंगावरून वारं गेलं, असं आपल्याकडे म्हणतात तो पक्षाघात. तेव्हा बहुतेक वेळा मेंदूतल्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते, नाहीतर रक्तवाहिनीच फुटलेली असते. गुठळी असेल आणि रुग्ण साडेचार तासांच्या आत योग्य रुग्णालयात पोचला, तर ती विरघळवणारं औषध देता येतं. राजापूर किंवा देवगडच्या आतल्या वाडीतून तेवढ्या वेळात पोचणं कठीणच. पण निदान धावपळ तरी होते. १०८ला फोन जातो, कुणाची तरी गाडी काढली जाते, मुंबईच्या मुलाला कळवलं जातं. आठ-दहा दिवसांनी रुग्ण घरी येतो, पडवीतल्या खाटेवर निजतो आणि भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "आता फक्त आराम करा." नेमकी इथेच, जिथे उपचाराचा सर्वांत लांब टप्पा, म्हणजे पुनर्वसन, सुरू व्हायला हवा, तिथे आपली आरोग्यव्यवस्था रुग्णाचा हात सोडते.

आराम निरुपद्रवी वाटतो, पण तो तसा नाही. २००७मध्ये अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला. त्यात धडधाकट वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांचं मांस सरासरी जवळपास एक किलोने घटलं. ही माणसं आजारी नव्हती. पक्षाघाताच्या रुग्णात याच्या जोडीला इतर गोष्टी घडतात. न हलवलेला घोटा आखडतो, पाऊल खाली झुकलेलं राहतं आणि पुढे उभं राहायची वेळ येते तेव्हा टाच जमिनीला टेकतच नाही. खांद्याचं तर जास्तच नाजूक असतं. खांद्याचा सांधा मुख्यतः स्नायूंनी जागेवर धरलेला असतो. ते सैल पडले की हाताचं सगळं वजन सांध्याभोवतीच्या पडद्यांवर आणि बंधांवर लोंबकळतं. अशा वेळी घरचे लोक मायेने रुग्णाला उठवतात ते नेमकं त्या लुळ्या हाताला धरून, ओढून. खांदा निखळतो, दुखतो, आणि मग रुग्ण व्यायामाला हातच लावू देत नाही. उठवायचं कसं, हे दाखवायला दहा मिनिटं पुरतात: आधी कुशीवर वळवायचं, पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडायचे आणि खांद्याच्या पाठीमागून, पाठीला आधार देत बसतं करायचं. पेज पाजायची ती ताठ बसवूनच. निजल्या निजल्या पाजली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. घरी पाठवण्याआधी हे एवढं तरी घरच्यांकडून करून घ्यायला हवं, आणि पुष्कळदा तेही होत नाही.

आता मेंदूकडे पाहू. मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही, पण त्याच्या आजूबाजूच्या पेशी नव्या जोडण्या करू शकतात. पहिल्या तीन महिन्यांत हे सर्वांत वेगाने होतं, नंतर मंदावतं, पण थांबत नाही. मात्र या जोडण्या वापराने घडतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत बदल दिसतो तो एकेका दिवशी शेकडो वेळा तीच हालचाल करून घेतल्यावर. २००९मध्ये अमेरिकेतल्याच संशोधकांनी प्रत्यक्ष फिजिओथेरपी चालू असताना मोजदाद केली, तर एका सत्रात हाताच्या उपयोगाच्या हालचाली सरासरी ३२ निघाल्या. याचा अर्थ पहिल्याच दिवशी रुग्णाला दामटावं असा नाही. पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत फार जोरात हालचाल सुरू केल्यास परिणाम वाईट होतात, असं २०१५मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसलं आहे. पण प्रकृती स्थिरावली की पुनर्वसन म्हणजे रोजचं, पुन्हा पुन्हा करायचं काम.

आणि रोज करायचं काम तालुक्याच्या गावी जाऊन करता येत नाही. माझं म्हणणं एवढ्याच गोष्टीवर उभं आहे. शस्त्रक्रिया एकदा होते; तिच्यासाठी कोल्हापूर किंवा मुंबई गाठता येते. हाजीअलीला १९५५पासून केंद्र सरकारची पुनर्वसनाची नावाजलेली संस्था आहे, जयपूर फूट हा कृत्रिम पाय गेल्या शतकातल्या साठच्या दशकाच्या अखेरीस तयार झाला. शेतातल्या चिखलात अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, असाच तो घडवलेला आहे. तज्ज्ञ आहेत, कौशल्य आहे. पण वरच्या वाडीतला रुग्ण एसटीच्या थांब्यापर्यंत यायचा कसा? मध्ये जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट असते. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरतं आणि धडधाकट माणूसही जपून पाय टाकतो. एका अंगाने लुळा माणूस खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचा, पुढे रिक्षा, आणि सोबत जाणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडणार. एकदा नेतील, दोनदा नेतील.

शिवाय उचलणारे चौघे आणायचे कुठून? २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची घटली. रत्नागिरीत २०११ला हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कमावत्या वयाचे पुरुष मुंबई-पुण्यात आणि घरात म्हातारी माणसं, असं चित्र या आकड्यांमागे आहे. सत्तरीच्या नवऱ्याला अडुसष्ट वर्षांची बायको उठवते, आणि तिची कंबर आधीच गेलेली असते.

१९७८मध्ये आल्मा-आटा इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवेची चार कामं सांगितली होती: आरोग्य वाढवणं, रोग टाळणं, रोग बरा करणं आणि पुनर्वसन. पहिल्या तिघांसाठी आपण लसीकरण, कुटुंबकल्याण, औषधवाटप उभं केलं. चौथं कागदावर राहिलं. जगभर तेच झालं. २०१९च्या आकडेवारीवर आधारलेल्या एका अंदाजानुसार, पुनर्वसनाचा फायदा होईल अशा व्याधी जगात सुमारे २४१ कोटी लोकांना आहेत, म्हणजे दर तिघांत एकाला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की काही गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत यातल्या निम्म्यांहून अधिक लोकांना ही सेवा मिळत नाही. मे २०२३मध्ये याच संघटनेच्या जागतिक आरोग्य सभेने पुनर्वसन आरोग्यव्यवस्थेत, आणि तेही प्राथमिक पातळीपासून आणण्याचा ठराव केला.

आपल्याकडे त्यासाठी लागणारा सांगाडा उभा आहे. डोंगराळ भागात ३,००० वस्तीमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. अनेक उपकेंद्रं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झाली आहेत आणि त्यांत समुदाय आरोग्य अधिकारी असतात. वृद्धांची काळजी आणि पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास हलका करणारी सेवा, त्यांच्या कामाच्या यादीत आहेच. मला सुचतं ते असं: तालुक्याच्या फिजिओथेरपिस्टने ठरलेल्या वारी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात यावं आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी जाऊन व्यायाम आखून द्यावा, मधल्या दिवसांत समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने तो पाहावा, आणि आशाताईंना धोक्याच्या खुणा ठाऊक असाव्यात, जसं की पाठीवर लाल झालेली, दाबल्यावरही फिकी न पडणारी जागा. ती बेडसोअरची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात असते.

साहित्य फारसं लागत नाही. खळ्यात मांडव असेल तर त्याच्या मेढींना कमरेच्या उंचीवर दोन बांबू समांतर बांधायचे. मधलं अंतर इतकंच ठेवायचं की दोन्ही हातांनी दोन्हीकडे धरता येईल. बांबू तासून, सांध्याचे कंगोरे घासून घ्यायचे, कारण लुळ्या हाताच्या बोटांना कूस लागली तरी कळत नाही. झाली चालण्याच्या सरावाची जागा. पावसाआधी मांडव उतरला की हीच सोय पडवीत करायची, आणि खरं तर पावसाळ्यातच सराव तुटतो, म्हणून आधीपासून तयारी ठेवायची. न्हाणीत भिंतीला एक दांडी आणि रात्रीसाठी शौचाची खुर्ची एवढ्याने पडण्याचं भय खूपच कमी होतं.

मात्र "घरच्यांना शिकवलं की झालं" असं कुणी म्हणू लागलं, तर सावध राहायला हवं. हा विचार भारतातच तपासला गेला आहे. १४ रुग्णालयांतले पक्षाघाताचे १,२५० रुग्ण निवडून अर्ध्यांच्या नातेवाइकांना रुग्णालयात आणि घरीही पुनर्वसनाचं प्रशिक्षण दिलं गेलं. २०१७मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन या बाबतीत दोन गटांत फरक नव्हता. खर्च वाचवण्याच्या आशेने हा प्रयोग केलेल्यांना हा निकाल कडू वाटला असेल, मला तो फार मोलाचा वाटतो. कुटुंबाचं प्रेम ही प्रशिक्षित माणसाची जागा भरून काढत नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. रोजचा सराव घरात व्हावा हे खरं, पण व्यायाम वेळोवेळी बदलणारा, चुकलेलं पकडणारा, थकलेल्या बायकोला विचारणारा माणूस व्यवस्थेने द्यायला हवा. आशाताईंवर हे काम टाकायचं तर त्याचा वेगळा मोबदलाही द्यायला हवा.

पक्षाघात हे एक उदाहरण झालं. आंब्याच्या दिवसांत झाडावरून, एरवी माडावरून पडून पाठीचा कणा मोडलेले तरुण इथे आहेत. त्यांच्यासाठी सुरुवातीला मोठं रुग्णालयच हवं. पण पुढची वर्षं त्यांचा जीव धोक्यात येतो तो बेडसोअर आणि लघवीच्या संसर्गाने, आणि हे दोन्ही गावात रोखता येतं. वाकडी पावलं घेऊन जन्मलेल्या बाळाला आठवड्याला एक अशी प्लॅस्टरं घालतात, पण पाऊल सरळ राहतं ते पुढे चौथ्या वर्षापर्यंत रात्री घालायच्या बुटांमुळे. ते बूट घातले जातात ना, हे अंगणवाडीतली बाईच पाहू शकते.

कुणाला गरज आहे हे शोधायचं कसं? २०११च्या जनगणनेत देशात २.२१ टक्के लोक अपंग नोंदले गेले. जागतिक अंदाज १६ टक्क्यांचा आहे. दोन्ही आकड्यांची व्याख्या एक नाही, पण तफावतीचं एक मोठं कारण प्रश्नात आहे. "घरात कुणी अपंग आहे का?" याला उत्तर "नाही" येतं, आजी अंधुक दिसण्यामुळे वर्षभर देवळात गेलेली नसली तरी. म्हणून आंतरराष्ट्रीय पातळीवर सहा साधे प्रश्न वापरले जातात: चष्मा लावूनही दिसायला अडचण होते का, यंत्र लावूनही ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, आठवायला किंवा लक्ष द्यायला, अंघोळ-कपडे करायला, आणि बोलणं समजायला किंवा समजावून सांगायला. दुसरी एक चाचणी तर घड्याळ असलं की होते: खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. अशा वृद्धांना तोल आणि ताकदीचे व्यायाम दिल्यास पडण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्श्याने घटतं, हे अनेक चाचण्या एकत्र पाहून सिद्ध झालं आहे.

आणि अपंग माणसालाही ताप येतो, रक्तदाब होतो, दिवस जातात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दवाखान्याच्या प्रत्येक भागात अडथळ्याविना जाता येणं आणि उपचारात प्राधान्य मिळणं हे लिहिलेलं आहे. आपल्याकडे इमारती उंच जोत्यावर असतात. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर उंची; एकास बारा या उताराने तिथे ५.४ मीटर लांब रॅम्प हवा. उरलेल्या जागेत बसवलेला दीड-दोन मीटरचा खडा उतार पावसात घसरगुंडी होतो. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कशावर खर्च झाले हे ग्रामसभेत विचारता येतं, आणि पुढच्या ग्रामसभेआधी उपकेंद्राच्या दारात टेप धरून रॅम्पची लांबी आणि जोत्याची उंची मोजूनही नेता येते. शौचालयाच्या दाराची रुंदीही त्याच वेळी मोजावी, चाकाची खुर्ची बहुधा तिथेच अडते.