लॉक कोणाच्या हातात आहे?

लिनक्सवर फाइल 'सेव्ह' केली की मजकूर त्याच क्षणी डिस्कवर गेला, असं आपण धरून चालतो. तो जातो मेमरीत, पेज कॅशमध्ये, म्हणजे फाइलींची पानं (मेमरीचे छोटे तुकडे) ठेवायच्या जागेत. बदललेली पानं 'डर्टी' ठरतात. कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) फ्लशर थ्रेड दर 5 सेकंदांनी जागे होतात आणि 30 सेकंदांपेक्षा जुनी पानं डिस्कवर उतरवतात. (आकडे बदलता येतात, पण सहसा कोणी हात लावत नाही.) हे राइटबॅक.

कर्नलच्या या भागात चार ओळींचा पॅच (कोडमधला बदल) आला, तर त्या चार ओळी वाचून भागत नाही. त्या चालतात तेव्हा कोणतं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरलेलं आहे, हे पॅचमध्ये लिहिलेलं नसतं. ते वरच्या फंक्शनांत जाऊन शोधावं लागतं. समजा फाइलसिस्टीमचं एक लॉक धरलंय आणि नव्या ओळीने तिथेच थोडी मेमरी मागितली. एरवी ती मुकाट मिळते. मेमरी संपत आली असेल, तर मात्र कर्नल जागा मोकळी करायला निघतो आणि फाइलसिस्टीमलाच कामाला लावतो. तिला हवं तेच लॉक, जे मागणाऱ्याने धरून ठेवलंय. झालं, दोघंही अडकले. म्हणून अशा जागी 'जीएफपी_नोएफएस' हा झेंडा लावतात: मेमरी दे, पण त्यासाठी फाइलसिस्टीमच्या दारात जाऊ नकोस. भरपूर रॅमच्या लॅपटॉपवर ही चूक दिसणारच नाही.

कर्नल डेव्हलपर इंगो मोल्नार यांचं लॉकडेप हे लॉक तपासणारं साधन 2006 मध्ये कर्नलमध्ये आलं. ते लॉक घेण्याचा क्रम टिपतं. कुठे आधी 'अ' मग 'ब' आणि कुठे उलटं दिसलं, की मशीन अडकण्याआधीच बोंब मारतं. फार गुणी हत्यार. पण जो रस्ता चाललाच नाही, तो त्याला दिसत नाही. डिस्क बिघडल्यावरचे रस्ते क्वचितच चालतात, म्हणून पॅचचा मुरलेला तपासनीस फंक्शनच्या तळाशी 'आउट_अनलॉक'सारख्या लेबलांपाशी, म्हणजे चूक झाल्यावर लॉक सोडायच्या जागी, रेंगाळतो.

2018 मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांना असाच एक रस्ता सापडला. लिहिणं फसलं की कर्नल एफसिंकला ('आत्ताच डिस्कवर उतरव' या मागणीला) एकदा चूक कळवायचा, पण ते पान 'स्वच्छ' समजायचा. पुन्हा एफसिंक केलं की 'यशस्वी'! डेटा डिस्कवर नाहीच. 2019 पासून पोस्टग्रेस एफसिंक फसताच दुसरा प्रयत्न करत नाही. सर्व्हर सरळ आडवा होतो आणि बदलांची नोंद ठेवणारा लॉग वाचून पुन्हा उभा राहतो.