५५ टक्क्यांचं विमान

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये एखादं जुनं प्रायोगिक विमान झकास उडताना दिसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं : "उडतंय की! मग खरं का नाही उडवलं?" पाठोपाठ पुरवणीही येते, की ते कुणीतरी मुद्दाम दाबलं. रॉकवेल कंपनीच्या एक्सएफव्ही-१२ए बद्दल असं बोलणं फारच सोपं जातं. विमान देखणं, कागदावरचे आकडे दिपवणारे, आणि प्रत्यक्षात ते एकदाही मोकळं उडालं नाही. गेममध्ये मात्र थोड्या चिकाटीने कुणीही हौशी माणूस ते जागच्या जागी हवेत उचलू शकतो. का उचलू शकतो, हेच मला सांगायचं आहे.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन नौदलाला लहान जहाजांवरून धावपट्टीशिवाय सरळ वर (उभं) उडणारं आणि तरीही ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या पलीकडे जाणारं लढाऊ विमान हवं होतं. १९७२ मध्ये रॉकवेलची निवड झाली. खर्च वाचवायला आधीच्या लढाऊ विमानांचे भाग वापरले : नाक स्कायहॉकचं घेतलं, पंखांच्या मधला सांगाडा फँटमचा घेतला. इंजिन एकच, प्रॅट अँड व्हिटनीचं एफ४०१. उभं उडणाऱ्या हॅरिअर या लढाऊ विमानासारखी फिरणारी नॉझल्स, म्हणजे वायू सोडणारी तोंडं, नव्हती. उभ्या उड्डाणाच्या वेळी इंजिनाचा मागचा रस्ता बंद करून सगळा गरम वायू नळ्यांतून मागच्या मोठ्या पंखांत आणि पुढच्या लहान पंखांत, म्हणजे कॅनार्डमध्ये, सोडायचा. तिथे खिडकीच्या झडपांसारख्या उघडणाऱ्या लांबट फटी होत्या. वायू त्यांतून खाली सुटणार आणि जाताना वरची थंड हवा सोबत ओढून नेणार. त्यामुळे थ्रस्ट, म्हणजे रेटा, ५५ टक्क्यांनी वाढेल असा हिशेब होता. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनी त्याला दुजोराही दिला होता.

फुकटात ५५ टक्के? इथे थोडं थांबून गणित करू, कारण या विमानातली सगळी गंमत इथेच आहे.

१ किलो वायू सेकंदाला ६०० मीटर वेगाने खाली सोडला, तर संवेग (वस्तुमान गुणिले वेग) ६०० आणि गतिज ऊर्जा १८० किलोज्यूल. रेटा संवेगावर ठरतो, ऊर्जेवर नाही. आता तीच १८० किलोज्यूल ऊर्जा ४ किलो हवेत वाटली, तर वेग ३०० मीटर होतो, पण संवेग १२०० होतो. तेवढ्याच ऊर्जेत दुप्पट रेटा! हेलिकॉप्टर कमी शक्तीत तरंगतं ते याच कारणाने : पुष्कळ हवा, हळू ढकललेली.

पण वाटायची कशी? वेगवान झोत स्थिर हवेत नुसता मिसळू दिला, तर मिसळताना संवेग टिकतो, ऊर्जा टिकत नाही. १ किलो झोत आणि ३ किलो स्थिर हवा मिळून ४ किलो मिश्रण १५० मीटर वेगाने जाईल. संवेग परत ६००. ऊर्जा उरली ४५ किलोज्यूल. बाकीची भोवऱ्यांत आणि उष्णतेत गेली. म्हणजे उघड्यावर कितीही हवा ओढली तरी रेटा तसूभरही वाढत नाही.

वाढ येते ती फटीच्या भिंतींमुळे. वरची हवा आत शिरताना झडपांच्या गोलसर काठांवरून वळते आणि वेग घेते, त्यामुळे तिथला दाब उतरतो. काठाच्या वर कमी दाब आणि खाली त्याहून जास्त, म्हणून काठ वर खेचला जातो. जादा रेटा विमानाला खरोखर जाणवतो तो इथे. शिवाय आत येणाऱ्या हवेला आधीच वेग असल्याने झोताशी तिची टक्कर सौम्य होते आणि मिसळण्यातला तोटा घटतो. हे चालू राहायला फट खाली रुंदावत जायला हवी, म्हणजे बाहेर पडेपर्यंत दाब पुन्हा वातावरणाइतका होतो. ती फार रुंदावली, तर प्रवाह भिंत सोडतो आणि आतलं शोषण, म्हणजे हवा आत ओढणं, कोसळतं. कमी रुंदावली, तर शोषण मुळातच कमी. त्यात नीट मिसळायला लांबी लागते, आणि स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, विमानाचा पंख तर पातळ असतो! इंजिनापासून कॅनार्डच्या टोकापर्यंत वळणावळणाने जाताना वायूचा दाबही खर्च होतो.

१९७८ मध्ये नासाच्या लँगली केंद्रात, अपोलोचे अंतराळवीर चंद्रावर उतरण्याचा सराव जिथे करत त्या उंच चौकटीला, हे विमान दोरांनी टांगून तपासलं. पंखांत वाढ मिळाली १९ टक्के, कॅनार्डमध्ये जेमतेम ६. स्वतःच्या वजनाचा तीन चतुर्थांश भागच त्याला उचलता आला. १९८१ मध्ये प्रकल्प गुंडाळला. कट वगैरे काही नव्हता. याआधी लॉकहीडच्या एक्सव्ही-४ लाही याच युक्तीने दगा दिला होता.

आता गेम. फ्लाइटगिअर या सिम्युलेटरमध्ये जेएसबीसिम हा उड्डाणाचं गणित करणारा प्रोग्रॅम वापरला, तर आपण नुसतं सांगायचं असतं, की अमुक जागी, अमुक दिशेने, इतकं बल लावा. एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर जास्त हुशार आहे. ते पंखांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचं बल सतत मोजतं. पण फटीच्या आतला तो झोत, ते शोषण, तो भिंत सोडणारा प्रवाह दोघांपैकी कुणीच सोडवत नाही. त्यामुळे वाढीचा गुणक आपल्यालाच भरावा लागतो. १.५५ भरला की विमान उडतं, १.९ भरला तर रॉकेटसारखं सुटतं. गेमने काही सिद्ध केलेलं नसतं, आपलाच आकडा आपल्याला चित्ररूपात परत दिलेला असतो. उडत्या टॅक्सींची चकचकीत ॲनिमेशन्स पाहतानाही हे ध्यानात ठेवलेलं बरं.

खरे आकडे भरले तर मात्र गेम फार छान शिकवतो. समजा वायू पुढे-मागे निम्मा-निम्मा वाटला आणि १.५५ ने वजन नेमकं पेलत होतं. मग मागे उरतं १.१९ भागिले १.५५, म्हणजे ०.७७. पुढे १.०६ भागिले १.५५, म्हणजे ०.६८. सरासरी ०.७३, चाचणीतल्या पाऊण वजनाच्या अगदी शेजारी! गृहीतकं ओबडधोबड आहेत, पण आकडे एकमेकांशी भांडत नाहीत. शिवाय पुढचा रेटा मागच्यापेक्षा जास्त घटल्यामुळे नाक खाली जातं. वजन कमी करून विमान उचलायचं म्हटलं तरी तोल सावरायला वायू पुढे वळवावा लागतो, आणि पुढे वाढ सर्वात कमी मिळते. म्हणजे एकूण रेटा आणखी घटतो. स्टिक हातात धरून हे अनुभवल्यावर त्या अभियंत्यांची अडचण जितकी कळते, तितकी तक्ता वाचून कळत नाही.

पुष्कळ हवा हळू ढकलायची ही मूळ कल्पना मात्र चुकीची नव्हती. एफ-३५बी या उभं उतरू शकणाऱ्या लढाऊ विमानात वैमानिकाच्या मागे आडवा पंखा आहे. इंजिनाची शक्ती दांड्याने त्याच्याकडे जाते आणि तो एकटा नऊ टनांच्या आसपास रेटा देतो. दांडा आणि गिअरमध्ये शक्ती फार थोडी वाया जाते. झोत मिसळण्यात ती कशी उधळली जाते ते वर पाहिलंच. गेममध्येही हा पंखा मांडणं सोपं, कारण फिरत्या पात्यांचे तुकडे पाडून बल काढणं एक्स-प्लेनला प्रोपेलरमुळे आधीपासून येतं.