पार्श्वभूमी : 'स्वयंसेविका' म्हणजे बिनपगारी?

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्वयंसेविकांची नोंदणीकार्डं आता संगणकावर कुणालाही पाहता येतात. त्यातलं एक कार्ड इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या एका बाईंचं आहे. एकूण ३,४०० तास काम. ऑक्टोबर १९१४ ते डिसेंबर १९१६ बिनपगारी, आणि त्यानंतर सप्टेंबर १९१८ पर्यंत औषधं तयार करून देण्याच्या कामावर वर्षाला १६ पौंड. याच बाई, म्हणजे अगाथा ख्रिस्ती, पुढे रहस्यकथांमुळे जगभर पोचल्या, आणि त्यांच्या कथांमधल्या विषांची ओळख त्यांना झाली ती या औषधांच्या टेबलाशी. पण इथे मुद्दा विषाचा नाही, १६ पौंडांचा आहे. १९१६ पर्यंत बाई स्वयंसेविका होत्या आणि १९१७ पासून नोकरदार झाल्या, असं म्हणायचं का? कार्ड तर एकच आहे.

युद्धात परिचारिका म्हणून आपणहून गेलेल्या बायकांवर काम करणाऱ्या स्त्रीवादी अभ्यासक-शिक्षिकेला पहिली ठेच लागते ती याच शब्दाशी. विषयाची मागची गोष्ट सांगताना म्हणून इथे लढायांना कमी आणि या शब्दाला जास्त जागा दिली आहे.

क्रिमियाच्या युद्धातली फ्लॉरेन्स नाइटिंगेलची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, हातातल्या दिव्यासकट. त्यातला एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. १८५४ साली तिच्याबरोबर तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेलेल्या ३८ जणींपैकी २४ जणी कॅथलिक किंवा अँग्लिकन सेवासंघांतल्या होत्या आणि १४ जणी इस्पितळांत पगारावर काम करणाऱ्या. म्हणजे व्रत म्हणून आलेल्या आणि पोटासाठी आलेल्या एकाच बोटीतून उतरल्या. त्या दोघींमधली कुरबुर पुढची साठ-सत्तर वर्षं मिटली नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२च्या परिपत्रकाने अट घातली ती अशी : वय ३५ ते ५०, कपडे तपकिरी, करडे किंवा काळे, अंगावर दागिना नको, फिती नकोत, घेरदार सांगाड्याचे झगे नकोत. मोबदला दिवसाला ४० सेंट. यातल्या परिचारिकांना निवृत्तिवेतन द्यायला संसदेने १८९२ साल उजाडू दिलं, आणि दिलं ते महिना १२ डॉलर. तोवर कितीजणी उरल्या असतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता मुख्य प्रकरणाकडे. ब्रिटनच्या युद्धखात्याने १६ ऑगस्ट १९०९ रोजी एक योजना काढली. शत्रू बेटावर उतरलाच तर जखमींना आघाडीपासून मोठ्या रुग्णालयापर्यंत सांभाळायला गावोगाव स्वयंसेवी तुकड्या असाव्यात, अशी कल्पना. तुकडी म्हणजे 'व्हॉलंटरी एड डिटॅचमेंट', आद्याक्षरांनी व्हीएडी. बायकांच्या तुकडीत साधारण तेवीस जणी : एक प्रमुख, एक कोठीवाली, एक देखरेखीची बाई आणि वीस सदस्या, त्यातल्या चौघींना स्वयंपाक यायलाच हवा. पुरुषांच्याही तुकड्या होत्या. प्रथमोपचाराची आणि घरगुती शुश्रूषेची परीक्षा द्यायची, सरावासाठी शाळा नाहीतर धान्याचं कोठार मोकळं करून तिथे खोटे जखमी झोपवायचे. १९१४च्या उन्हाळ्यापर्यंत अडीच हजारांवर तुकड्या आणि ७४,००० सदस्य झाले होते. त्यात दोन तृतीयांश बायका आणि मुली.

नीट पाहिलं तर व्हीएडी हे तुकडीचं नाव आहे, बाईचं नव्हे. युद्ध सुरू झालं आणि वर्षभरात 'ती व्हीएडी आहे' असं बोललं जाऊ लागलं. तुकडी गळून पडली, बाई उरली. त्यामुळे आज कुणी 'व्हीएडींची संख्या किती?' असं विचारलं तर आधी कोणती व्हीएडी ते ठरवावं लागतं. वॉर्डात काम करणारी, स्वयंपाकघरातली, रुग्णवाहिका चालवणारी, की कारकुनी करणारी? संपूर्ण युद्धकाळासाठी ९० हजारांहून अधिक हा आकडा सांगितला जातो, पण त्यातली प्रत्येक बाई परिचारिका होती असं समजून लिहिलेले लेख आजही वाचायला मिळतात.

गोची झाली ती १९१५च्या सुरुवातीच्या निर्णयाने. लष्कराच्या कायम सेवेत १९१४ साली प्रशिक्षित परिचारिका ३००ही नव्हत्या. राखीव सेवा होती, प्रादेशिक दलाची २३ मोठी रुग्णालयं होती, तरी फ्रान्सहून येणाऱ्या गाड्या काही थांबत नव्हत्या. तेव्हा ठरलं की व्हीएडी सदस्यांना थेट लष्करी रुग्णालयांत, प्रशिक्षित परिचारिकांच्या हाताखाली घ्यायचं. परदेशी जायचं तर वय किमान २३. सुरुवातीचे दिवस उमेदवारीचे, ते पार पडले की वर्षाला २० पौंड, वर राहणं-जेवण आणि गणवेशाचा भत्ता. गावातल्या छोट्या, देणग्यांवर चालणाऱ्या रुग्णालयांत मात्र तेच काम बिनपगारीच राहिलं.

इथे जरा थांबायला हवं. त्याच वर्षी त्याच सैन्यात आपणहून भरती झालेला साधा शिपाई दिवसाला एक शिलिंग घेत होता. वर्षाचे ३६५ शिलिंग म्हणजे १८ पौंड ५ शिलिंग. लग्न झालेलं असेल तर बायकोला भत्ता वेगळा. त्याला सगळे 'व्हॉलंटियर' म्हणत आणि पगार घेतो म्हणून त्याच्या त्यागाबद्दल कुणी शंका घेतली नाही. सक्तीच्या भरतीआधी स्वतःच्या पायांनी आला, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता. शब्द बाईला लावला की त्याचा अर्थ बदलतो : आता तो 'फुकट काम करणारी' असा होतो. २० पौंड घेणारी व्हीएडी मग धड स्वयंसेविका नाही आणि धड परिचारिकाही नाही. मराठीत तर आपण आणखी एक पाऊल पुढे आहोत. 'स्वयंसेविका' या शब्दातच सेवा बसलेली आहे, आणि सेवेचा मोबदला मागणं आपल्याला बरं दिसत नाही.

प्रशिक्षित परिचारिकांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण स्त्रीवादी लेखनात बराच काळ तीच ऐकली गेली नाही. त्यांनी तीन वर्षं इस्पितळात राबून प्रमाणपत्र मिळवलेलं. लष्करातल्या स्टाफ नर्सचा पगार साधारण ४० पौंडांपासून सुरू. परीक्षेपुरती पट्टी बांधायला शिकलेली, घरी मोलकरीण असलेली मुलगी शेजारी येऊन उभी राहते आणि सैनिक तिलाही 'सिस्टर' म्हणतात. आपण आज वॉर्डात दिसेल तिला सिस्टर म्हणतो, म्हणून या रागाचं आपल्याला नवल वाटेल. पण तिथे 'सिस्टर' ही पदवी होती, पगाराची पायरी होती. पुढे काही काळ सेवा झालेल्या व्हीएडींना बाहीवर लाल पट्टी मिळू लागली. लाल रंग हा लष्करी परिचारिकांच्या खांद्यावरच्या छोट्या केपचा. म्हणजे बाहीची ती पट्टीही टोचणार हे आलंच.

प्रत्यक्ष काम काय होतं? पहिले महिने बहुतेकींनी झाडलं, पुसलं, ट्रॉल्या घासल्या, बेडपॅन धुतले, जेवणाचे ट्रे उचलले. जखमा सडू नयेत म्हणून १९१५ नंतर एक पद्धत रूढ झाली : जखमेत खोलवर रबरी नळ्या ठेवायच्या आणि दर दोन तासांनी त्यांतून जंतुनाशक द्रावण सोडायचं. रात्रपाळीला एका वॉर्डात असे दहा-बारा रुग्ण असले, तर शेवटच्याचं होईस्तोवर पहिल्याची वेळ झालेली असणार. अशा वॉर्डात हाताखालच्या मुलीने नुसतं तबक धरून उभं राहायचं, हा नियम किती तास टिकेल? कागदावर मदतनीस आणि रात्री तीन वाजता परिचारिका, ही व्हीएडीची खरी स्थिती होती, आणि भांडणाचं मूळही तेच.

या चित्राबाहेरच्याही बायका होत्या. मताधिकार चळवळीतल्या स्त्री डॉक्टरांनी युद्धखात्याला मदत देऊ केली तेव्हा 'घरी जाऊन स्वस्थ बसा' असं उत्तर मिळाल्याचं सांगतात. त्यांनी मग ती फ्रेंच आणि सर्बियन सरकारांना देऊ केली. पॅरिसजवळच्या रोयोमाँच्या जुन्या मठात फक्त बायकांनी चालवलेलं रुग्णालय उभं राहिलं. लंडनच्या एंडेल स्ट्रीटवरचं लष्करी रुग्णालय १९१५ पासून बायकांच्याच हाती होतं. साधारण ५७० खाटा, सुमारे २६ हजार रुग्ण. स्त्रीवादी इतिहासाला या बायका पटकन आपल्या वाटल्या. व्हीएडी तशी वाटली नाही, तो भाग पुढे येईल.

आणि भारतीय सैनिकांचं काय? ब्रायटनच्या राजवाड्यात डिसेंबर १९१४ ते जानेवारी १९१६ त्यांचं रुग्णालय होतं. १९१५च्या मे महिन्यात एका भारतीय सैनिकाच्या खाटेशेजारी उभ्या असलेल्या गोऱ्या परिचारिकेचं छायाचित्र एका दैनिकात छापून आलं आणि गहजब झाला. अशा रुग्णालयांतून गोऱ्या परिचारिका काढून घ्या, असा हुकूम निघाला. काही ठिकाणी त्या राहिल्या त्या देखरेखीपुरत्या. शुश्रूषा म्हणजे आईची माया असं एरवी सांगणाऱ्या व्यवस्थेला इथे मात्र स्पर्श दिसला. क्रिमियातही जमैकाहून आलेल्या मेरी सीकोल या अनुभवी बाईला नकार मिळाला होता आणि ती स्वखर्चाने गेली होती. 'कोण आपणहून गेलं' या प्रश्नाला 'कुणाला जाऊ दिलं' असं शेपूट नेहमीच असतं.

युद्ध संपलं. १९१८च्या कायद्याने मत मिळालं ते तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना. विशीतल्या व्हीएडी १९२८ पर्यंत बाहेरच राहिल्या. डिसेंबर १९१९ मध्ये परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्यासाठीचं भांडण १८८७ पासून चाललेलं. १ नोव्हेंबर १९१९ पूर्वी किमान तीन वर्षं 'बोना फाइड' म्हणजे खरोखरीच परिचारिका म्हणून काम केलेल्यांना आधीपासूनच्या परिचारिका म्हणून दाखल करण्याची सोय त्यात होती. आता १९१५ ते १९१९ वॉर्डात काढलेली व्हीएडी खरोखरीची परिचारिका होती की नाही? व्हीएडी म्हणून केलेल्या सेवेच्या बळावर नोंदणी द्यायची नाही, असंच शेवटी झालं. प्रशिक्षित परिचारिकांसाठी हा तीस वर्षांच्या झगड्याचा विजय होता, आणि तो मला रास्त वाटतो. पण ज्या सरकारने चार वर्षं फरक न करता दोघींकडून काम घेतलं, ते या भांडणात नामानिराळं राहिलं. मदतनीस परिचारिकांची अधिकृत यादी करायला पुढे १९४३चा कायदा, म्हणजे आणखी एक महायुद्ध लागलं.

पदकांतही तोच घोळ. युद्धपदकं परदेशी गेलेल्यांना. मायदेशी राबलेल्यांसाठी १९२० मध्ये वेगळं पदक निघालं, आणि त्याची अट होती १,००० तासांची स्वयंसेवा.

नंतरच्या आठवणींवर ठसा उमटला तो व्हेरा ब्रिटन या माजी व्हीएडीच्या १९३३च्या आत्मचरित्राचा. ऑक्सफर्डचं शिक्षण सोडून ती गेली होती. तिच्या महिला महाविद्यालयाचंच १९१५ मध्ये लष्करी रुग्णालय झालं होतं, आणि बायकांना पदव्या देणं त्या विद्यापीठाने १९२० मध्ये सुरू केलं. पुस्तक मोठं, पण त्यामुळे व्हीएडी म्हटलं की सुशिक्षित, प्रेम गमावलेली, शांततावादी तरुणी डोळ्यांपुढे येऊ लागली. १९१५ नंतर पुरुषांच्या जागी पगारावर घेतलेल्या स्वयंपाकिणी, साठवणीच्या खोलीतल्या बायका, कारकून मुली यांनी आत्मचरित्रं फारशी लिहिली नाहीत.

१९७०च्या दशकात स्त्रीवादी अभ्यासकांनी ध्वनिमुद्रण यंत्रं घेऊन म्हाताऱ्या बायकांची घरं गाठली, ती आधी दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांची आणि मताधिकारवाल्यांची. परिचारिका म्हणजे सेवा, त्याग, पांढरा एप्रन. ज्या साच्याशी भांडायचं तोच तर हा. त्या नावडीला कारण होतं, पण तोवर व्हीएडी ऐंशीच्या घरात पोचल्या होत्या आणि गेलेली वेळ परत आली नाही. म्हणून आज कार्डांना एवढं महत्त्व. नाव, पत्ता, रुजू झाल्याची तारीख, तेव्हाचं वय, हुद्दा, पगार, काम सोडल्याची तारीख, कामाचं स्वरूप, पूर्णवेळ की अर्धवेळ, अर्धवेळ तर तास किती, सन्मान. अर्धवेळवाल्यांचे तास मोजलेले आहेत. पूर्णवेळ म्हणजे दिवसाला किती तास ते विचारणारा रकाना नाही.

कार्डानंतर माग काढायचा तर १९२१ची जनगणना आहे, ती २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ची आगीत जळाली, १९४१ची झालीच नाही. मधला दुवा म्हणजे सप्टेंबर १९३९ची लोकनोंद. चाळिशी-पन्नाशीतली, लग्न झालेली जुनी व्हीएडी तिथे सापडते तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात बहुधा एकच ठरलेला शब्दप्रयोग असतो : बिनपगारी घरकाम. आणि कधीकधी पानाच्या उजव्या कडेला, नव्या युद्धासाठीच्या नोंदीत, पुन्हा तीच तीन अक्षरं : व्हीएडी.