गिनीवरचा ‘आय’: मुंबईत पडलेल्या सॉव्हरिनची पार्श्वभूमी

१९१८ ची सॉव्हरिन, म्हणजे एक पौंडाचं ब्रिटिश सोन्याचं नाणं, हातात आली की पहिलं भिंग न्यायचं ते घोडेस्वाराच्या पायाखाली. सेंट जॉर्ज घोड्यावरून अजगरावर वार करतो आहे, त्याच्याखाली जमिनीची पट्टी आहे आणि तिच्याखाली साल. पट्टीवर मधोमध, सालाच्या अगदी वर, एक बारीक उभी रेघ दिसली तर तो रोमन ‘आय’ आहे, इंडियाचा. हे नाणं मुंबईच्या टांकसाळीत पडलं. त्या वर्षी सिडनीने ‘एस’, मेलबर्नने ‘एम’, पर्थने ‘पी’ आणि ओटावाने ‘सी’ घातला होता. लंडनने त्या साली एकही सॉव्हरिन पाडली नाही. म्हणून १९१८ सालचं आणि अक्षर नसलेलं नाणं समोर आलं, तर अक्षर झिजलं आहे की नाणंच बनावट आहे, हे आधी ठरवायचं.

आपल्याकडे या नाण्याला सरसकट गिनी म्हणतात. खरी गिनी वेगळी. ती १६६३ ते १८१४ या काळात पडली, सॉव्हरिनपेक्षा थोडी जड होती आणि १७१७ पासून तिची किंमत २१ शिलिंग ठरली होती. ती बंद झाल्यावर, १८१६ च्या नाणे कायद्यानुसार १८१७ मध्ये २० शिलिंगची सॉव्हरिन आली. सॉव्हरिन हे नावही जुनंच होतं, सातव्या हेन्रीच्या १४८९ च्या मोठ्या सोन्याच्या नाण्याचं. नव्या नाण्यासाठी बेनेडेट्टो पिस्त्रुची या इटालियन कारागिराने सेंट जॉर्जचा ठसा कोरला. मध्ये बराच काळ काट्यावर, म्हणजे नाण्याच्या मागच्या बाजूवर, ढाल होती. १८७१ पासून घोडेस्वार परत आला. बाजाराने मात्र जुन्या नाण्याचं नाव नव्या नाण्याला दिलं आणि ते आजतागायत टिकलं.

या नाण्याची खरी ताकद त्याच्या मापात आहे. वजन ७.९८८ ग्रॅम, कस २२ कॅरेट, म्हणजे बारा भागांत अकरा भाग सोनं आणि उरलेला एक भाग बहुतेक तांबं. शुद्ध सोनं ७.३२२ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर. १८१७ पासून हे माप बदललेलं नाही. झिजलेल्या नाण्यासाठीही कायद्याने सीमा आखली होती. १२२.५ ग्रेन, म्हणजे सुमारे ७.९४ ग्रॅमच्या खाली गेलेलं नाणं चलन म्हणून चालत नसे. नव्या आणि चलनातून बाद होणाऱ्या नाण्यात फरक अवघा पाच सेंटिग्रॅमचा! आजही एखादं नाणं ७.८० भरलं तर ‘जुनं आहे, झिजलं असेल’ हे स्पष्टीकरण पुरत नाही. ते नाणं कुणीतरी घासलेलं, तासलेलं किंवा खोटं असतं.

मुंबईत सॉव्हरिन पडावी ही मागणी जुनी होती. भारतात रुपया चांदीचा. तरी १८६४ पासून सरकारी खजिन्यात सॉव्हरिन १० रुपयांना आणि १८६८ पासून १० रुपये ४ आण्यांना घेतली जाई. पुढे चांदी घसरत गेली, तसा रुपयाही पौंडापुढे घसरला. अखेर जून १८९३ मध्ये चांदी आणून रुपये पाडून घ्यायची मुभा सरकारने बंद केली. १८९८ मध्ये भारतीय चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या फौलर समितीने दोन गोष्टी सुचवल्या: सॉव्हरिनला भारतात कायदेशीर चलन करा आणि ती इथेच पाडायची सोय करा. पहिली गोष्ट १८९९ मध्ये झाली, १५ रुपयांना एक सॉव्हरिन. दुसरी रखडली. लंडनच्या अर्थखात्याने एकामागून एक हरकती काढल्या. तोवर कोलारच्या खाणवाल्यांनीही आपलं सोनं लंडनला विकायचे करार करून टाकले होते. १९०२-०३ च्या सुमारास बेत गुंडाळला गेला.

१९१२ मध्ये मुंबईचे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी केंद्रीय विधिमंडळात ठराव मांडला की भारतीय टांकसाळींत सोन्याची नाणी पाडू द्यावीत. हा मुद्दा मानापमानाचा वाटू शकतो, पण त्यामागे रोकडा हिशोब होता. आयात सॉव्हरिनवर वाहतूक आणि विमा चढायचा, आणि रुपयाचा सोन्याशी असलेला सांधा लंडनच्या हातात राहायचा. लंडनने तेव्हाही दाद दिली नाही.

जे युक्तिवादाने झालं नाही ते महायुद्धाने झालं. भारतातून धान्य, ताग आणि कापड मित्रराष्ट्रांकडे जात होतं. त्याचे पैसे इथे रुपयांत चुकवायचे, आणि रुपये पाडायला चांदी मिळेना. टंचाई इतकी होती की ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली, आणि लगेच १९१८ मध्ये अडीच रुपयांची. पाणबुड्यांच्या धोक्यामुळे सोनं आधी लंडनला नेऊन नाणी करून परत आणणं शक्य नव्हतं. डिसेंबर १९१७ मध्ये मुंबईला रॉयल मिंटची, म्हणजे लंडनच्या सरकारी टांकसाळीची, शाखा स्थापन झाल्याची घोषणा निघाली. जागा फोर्टातल्या १८२० च्या दशकात बांधलेल्या टांकसाळीतलीच.

घोषणा झाली तरी ठसे आणि माणसं लंडनहून यायची होती. तोवर काम थांबू नये म्हणून टांकसाळीने स्वतःच एक नाणं पाडलं: पंधरा रुपयांची मोहर. छाप्यावर मुकुट घातलेला पाचवा जॉर्ज, काट्यावर वेलबुट्टीत ‘१५ रुपीज इंडिया १९१८’. वजन आणि कस अगदी सॉव्हरिनचा. ती सुमारे २१ लाख पाडली. ऑगस्ट १९१८ मध्ये सॉव्हरिनचं काम सुरू झालं आणि १२,९५,३७२ नाणी झाली. १९१९ मध्ये शाखा बंद पडली. त्या वर्षी पडलेल्या नाण्यांवरही साल १९१८ च आहे, त्यामुळे १९१९ ची मुंबईची सॉव्हरिन कुणी दाखवली तर हात मागे घ्यावा.

आता किमतीचं कोडं. मोहर आकड्याने सॉव्हरिनपेक्षा जास्त पडली, तरी आज ती बरीच महाग जाते आणि मुंबईची सॉव्हरिन सोन्याच्या भावापेक्षा थोड्याच वरच्या दराने मिळते. कारण सरळ आहे. तेव्हा बाजारात तेवढ्या सोन्याचा भाव १५ रुपयांच्या पुढे होता. मोहर हातात पडली की ती पेटीत किंवा सराफाच्या मुशीत जाई. सॉव्हरिनलाही तीच वाट होती, पण तिला जगभर ओळख होती. ती आहे त्या रूपात कुठेही खपे, म्हणून न आटवता पुष्कळ उरली. किती नाणी पाडली यापेक्षा किती उरली हे विचारायला हवं. लंडनची १९१७ ची दहा लाखांवर पाडली, तरी तीच दुर्मिळ, कारण बहुतेक आटली. साहजिकच त्या सालाची बनावट नाणी भरपूर आहेत.

पुढची कहाणी थोडक्यात. १९२० मध्ये सरकारने सॉव्हरिनचा दर १० रुपये ठरवला, पण सोनं त्याहून महाग असल्याने कुणी ती त्या दराने देईना. १९२७ च्या चलन कायद्याने तिचं कायदेशीर चलनपण काढून घेतलं आणि खजिन्यात ती १३ रुपये ५ आणे ४ पै या दराने घेतली जाऊ लागली. १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान, म्हणजे चलनाची सोन्याशी असलेली बांधणी, सोडला, भाव चढले, आणि अडचणीतल्या शेतकऱ्यांनी, घरच्यांनी मोडलेलं सोनं मुंबई बंदरातून परदेशी गेलं. गिन्यांचा मोठा भाग तेव्हाच संपला.

खोटेपणाचा खरा त्रास दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला. सॉव्हरिनचा बाजारभाव तिच्यातल्या सोन्यापेक्षा खूप वर गेला, तेव्हा इटली आणि बैरूतकडे पूर्ण वजनाची, बावीस कॅरेटच्या सोन्याचीच बनावट नाणी होऊ लागली. सोन्यात खोट नव्हती, फरक फक्त ठशाचा. कस लावून किंवा तराजूवर असं नाणं पकडता येत नाही. ब्रिटनने १९५७ मध्ये पुन्हा सॉव्हरिन पाडायला घेतली, त्यामागे या बनावटीला आळा घालणं हेही एक कारण होतं.

हलक्या धातूचं नाणं मात्र घरी पकडता येतं. मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक धाग्याला बांधून वाटीत बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा साधारण ०.४५६ ग्रॅम दाखवेल. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा, १७.५ च्या आसपास आलं पाहिजे. दोन दशांशांचा काटा इथे फसवतो: ०.४५ ऐवजी ०.४६ दिसलं की उत्तर १७.८ वरून १७.४ वर येतं. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा पण उत्तर खाली ओढतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा.

यानंतर ठसा बघायचा. बनावटीत अक्षरांच्या कडा गोलसर आणि सुजल्यासारख्या असतात, कडेवरच्या खाचा एकसारख्या नसतात, घोड्याच्या पोटाजवळचे बारकावे विरलेले दिसतात. छाप्यावर पाचव्या जॉर्जच्या मानेखाली मॅकेनल या शिल्पकाराची ‘बी. एम.’ ही अक्षरं आणि काट्यावर उजवीकडे तळाशी पिस्त्रुचीची ‘बी. पी.’ भिंगाखाली वाचता आली पाहिजेत.

महाराष्ट्रातल्या गिन्यांवर आणखी एक खूण सर्रास सापडते. माळेत ओवण्यासाठी किंवा पदक करण्यासाठी वरच्या कडेला कडी डाख देऊन बसवलेली असते. मोडायला आणताना कडी काढतात, कडेवर घासल्याची जागा आणि वेगळ्या रंगाचा डाग उरतो. संग्राहकासाठी असं नाणं केवळ सोन्याच्या किमतीचं राहतं. चकाकी आणायला पॉलिश केलेल्या नाण्याचीही तीच गत. त्याला हात लावू नये, तेच बरं.

हिशोबातही गफलत होते. भाव चोवीस कॅरेटचा असेल तर गुणायचा ७.३२२ ने, ८ ने नाही. चोवीस कॅरेटच्या आठ ग्रॅमने मोजलं तर घेणारा सुमारे नऊ टक्के पैसे जादा मोजतो.

१९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं पुरातन वस्तू ठरतं आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ ची मुंबईची सॉव्हरिन २०१८ मध्ये या हद्दीत आली. परदेशी असलेल्या मुलाला आजीची गिनी सामानातून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. याउलट ‘आय’ अक्षराची नवीन सॉव्हरिन २०१३ पासून भारतात पुन्हा पडू लागली, हरियाणातल्या एमएमटीसी-पॅम्प या सोनं शुद्ध करणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात रॉयल मिंटच्या परवानगीने. अक्षर तेच आहे, जागा मात्र पुन्हा भिंगाने शोधावी लागते.