डिस्क लावली की नेट का जातं?

साताऱ्यात, शाहूपुरीत आमच्या शेजारी राहणारे काका निवृत्त शिक्षक. कासच्या फुलांचे फोटो काढायचा त्यांना भारी नाद. दर पावसाळ्यानंतर ते सगळे फोटो पोर्टेबल हार्ड डिस्कवर उतरवून ठेवतात. परवा त्यांनी कुंपणापलीकडून हाक मारली. "जरा येऊन जाता का? डिस्क लावली की नेट जातं, काढली की येतं. नेटवाला मुलगा दोनदा येऊन गेला, लाइन चांगली आहे म्हणतो."

डिस्कचा आणि नेटचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मलाही आधी डिस्कचाच संशय आला.

डिस्क कॉम्प्युटरला जोडतात ती यूएसबीनं. यूएसबीची साधी पिन उजेडात धरून बघा. आत चार सोनेरी पट्ट्या दिसतात आणि कडेच्या दोन मधल्या दोन्हींपेक्षा जरा लांब असतात. कडेच्या पट्ट्या ५ व्होल्ट विजेच्या, मधल्या बोलण्याच्या. पिन आत सरकताना आधी वीज पोचावी आणि मग बोलणं सुरू व्हावं, म्हणून हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. वीज मिळाली की उपकरण बोलण्याच्या एका तारेवर व्होल्टेज चढवतं. ही त्याची हाक. मग कॉम्प्युटर विचारतो, तू कोण? उपकरण आपल्या कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक सांगतं, कॉम्प्युटर त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता देतो आणि योग्य ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, शोधतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतं. १९९६ साली आलेल्या या पद्धतीमागे इंटेलमधला जो गट होता, त्यात बडोद्याला शिकलेले अजय भट्ट होते, याचं मला फार कौतुक वाटतं.

हा क्रम माहीत असला की बिघाड कुठे आहे ते कळतं. उपकरणाचा दिवा नाही, कॉम्प्युटरचा 'टिंग' आवाजही नाही, तर वीजच पोचलेली नाही. पोर्ट किंवा केबल बदलून बघा. आवाज आला पण 'अननोन डिव्हाइस' दिसलं, तर हाक ऐकू गेली आणि उत्तर मात्र धड आलं नाही. अशा वेळी बहुतेकदा केबल खराब असते नाहीतर वीज अपुरी पडते. काही स्वस्त केबलींत बोलण्याच्या तारा नसतातच, त्यावर फक्त चार्जिंग होतं. जुन्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. डिस्कची मोटर सुरू होताना जास्त ओढते, म्हणून टक-टक आवाज करणारी डिस्क आधी कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावावी. पुढचे पोर्ट आतल्या केबलवरून आलेले असतात, मागचे थेट मदरबोर्डवर.

काकांची डिस्क मात्र मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, पोर्टला ठणठणीत चालत होती. मग नेटकडे वळलो.

नेटचंही तसंच, टप्प्याटप्प्यानं विचारत जायचं. कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी राउटरला पिंग करायचं, म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघायचं. त्याचा पत्ता बऱ्याच घरी १९२.१६८.१.१ असतो. तिथून उत्तर आलं तर ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या नेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला. तेही आलं आणि तरी वेबसाइट उघडत नसेल, तर नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडलेली असते. आणि कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही.

काकांच्या राउटरचं उत्तर ३ मिलिसेकंदांत येत होतं. डिस्कवर फोटो कॉपी करायला लावले आणि उत्तरं एकदम शेकड्यांत गेली, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे उत्तरच नाही. त्याच वेळी काकांच्या फोनवर नेट सुरळीत होतं. म्हणजे लाइन ठीक, राउटर ठीक, बिघाड या टेबलावरच.

कॅबिनेटमागे वाकून पाहिलं. डिस्कच्या निळ्या पोर्टला चिकटून नखाएवढा वाय-फाय डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला वाय-फाय जोडून देणारं उपकरण, लावलेला!

यूएसबी ३ च्या तारेवरून सेकंदाला ५ अब्ज बिट धावतात. एवढ्या वेगाच्या संदेशाची ऊर्जा शून्यापासून ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरलेली असते आणि त्यातली थोडी केबलमधून, पिनेच्या सांध्यातून बाहेर पाझरते. या पट्ट्याच्या ऐन मध्यावर २.४ गिगाहर्ट्झ येतं, साध्या वाय-फायचं घर. इंटेलनं २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. हा गोंगाट गाळूनही टाकता येत नाही, कारण त्या कंपनसंख्या डेटालाच हव्या असतात. डोंगलपर्यंत पोचणारी राउटरची लहर असते साधारण एका वॅटच्या अब्जांशाएवढी. कानाशी ढोल वाजत असताना पलीकडच्या खोलीतली कुजबुज कशी ऐकू येणार?

घरून एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल आणली, डोंगल तिच्या टोकाला लावून टेबलाच्या दुसऱ्या कडेला ठेवला. फोटो कॉपी होत राहिले आणि पिंग पुन्हा ३ वर आलं. ५ गिगाहर्ट्झवर चालणारा डोंगल किंवा सरळ लॅन केबल लावली असती, तरी काम झालं असतं.

"मग माऊस अडखळतो तोही यामुळेच?" काकांनी विचारलं. वायरलेस माऊस, तोही २.४ वरचा, आणि रिसीव्हर त्याच डिस्कच्या खालच्या पोर्टला. तो काढून पुढच्या पोर्टला लावला. संध्याकाळी काका नवा माऊस आणायला पोवई नाक्यावर जाणार होते, ते जाणं रद्द झालं.